जळगाव-धुळ्याहून स्पेनला : कुटुंबाचे पहिले पंधरा दिवस

पहिल्या पंधरवड्याची निम्मी धावपळ चाळीसगाव किंवा शहाद्यात बसूनच उरकता येते, आणि ती तिथेच उरकावी. मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला हे कागद स्पेनमध्ये पुन्हा पुन्हा मागतात. गावाकडच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो. तसं असेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव नोंदवून नवा संगणकीय दाखला काढा. मग स्पेलिंग तपासा. एकाच घरात 'चौधरी'चं स्पेलिंग तीन तऱ्हेचं असतं. दाखला आणि पासपोर्ट जुळले नाहीत तर तिकडचा कारकून ऐकून घेत नाही.

त्यानंतर अपोस्टिल, म्हणजे आपला दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का. आधी राज्य शासनाकडून दाखल्याची खातरजमा होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. स्पॅनिश भाषांतर सगळ्यात शेवटी करावं, कारण अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर लागतं. क्रम उलटा झाला तर भाषांतराचे पैसे दोनदा जातात. भाषांतर स्पॅनिश परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं. इथल्या नोटरीची सही तिथे चालत नाही. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह घ्या. भारतीय सिमवर निघण्याआधीच रोमिंग सुरू करून ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि नेमके तेव्हाच घरभाड्याचे पैसे पाठवायचे असतील.

बॅग भरताना आजीशी वाद होणार हे धरून चाला. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा बाद. ताजा कढीपत्ता, हिरवी मिरची, भरताची वांगी हेही नाही; ताज्या भाजीपाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. काळा मसाला, शेव, बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ हे कोरडं सामान घट्ट पॅक करून चेक-इन बॅगेत टाका. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात घेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते.

पोहोचल्यावर सगळं अडतं ते पत्त्यावर. राहण्याच्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंद, म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो, ही पहिली पायरी आहे. नोंद फुकट होते. पासपोर्ट, भाडेकरार आणि मुलांचे दाखले घेऊन आयुंतामिएंतोत, म्हणजे नगरपालिकेत, जायचं. गाडी अडते ती अशी : लोक पहिला महिना पर्यटकांच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये काढतात आणि तिथला मालक नोंदीला तयार नसतो. बुकिंगआधीच लेखी विचारा. कायमच्या घरासाठी कायद्याने एक महिन्याचं भाडं अनामत असतं. त्यावर मालक आणखी दोन महिन्यांपर्यंतची हमी मागू शकतो. नव्याने आलेल्याकडे स्पेनमधल्या पगाराच्या पावत्या नसतात, म्हणून ती बहुधा मागितली जातेच. तेवढी रक्कम बाजूला ठेवून निघा.

पुढचं काम परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राचं. त्याला तीए म्हणतात आणि सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळालाही, ते वेगळं काढावं लागतं. अर्ज स्पेनमध्ये पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत करायचा असतो. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. तिला सीता प्रेविआ म्हणतात. माद्रिद-बार्सिलोनात ती सहज मिळत नाही, म्हणून पोहोचल्या दिवसापासून रोज साइट बघत राहा आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी वेळ घ्या. सोबत ईएक्स-१७ अर्ज, ७९० क्रमांकाचा ०१२ कोडचा शुल्कफॉर्म भरल्याची पावती, पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदीचा कागद आणि फोटो. फोटो ३२ × २६ मिलिमीटरचा लागतो. भारतातून काढून नेलेले पासपोर्ट साइजचे फोटो उपयोगाचे नाहीत. शुल्क आधी बँकेत भरायचं असतं आणि बऱ्याच बँका ते सकाळी ठरावीक वेळातच घेतात, म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवा.

अर्जात आडनावाचे दोन रकाने असतात, कारण स्पॅनिश माणसाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. आपण दुसऱ्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहून मोकळे होतो आणि पुढे बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे वेगवेगळी माणसं तयार होतात. पासपोर्टवर जे आडनाव आहे ते पहिल्या रकान्यात, दुसरा कोरा. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं.

शाळा ६ ते १६ वयापर्यंत सक्तीची आहे आणि सरकारी शाळेत शिकवणीला फी नाही. वर्षाच्या मध्ये आलात तरी प्रवेश मिळतो, पण जागा असेल त्या शाळेत. बार्सिलोनात सरकारी शाळेचं माध्यम मुख्यतः कातालान आहे, हे शहर ठरवतानाच लक्षात घ्या. शाळेत जेवण असेल तर डब्याऐवजी काय वाढणार ते विचारा. 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. मासे नको, अंडं नको हे वेगळं सांगावं लागतं. भाजीचं म्हणून मिळणाऱ्या सँडविचमध्ये टुना मासा असतो, मसूराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. बिस्किटांच्या पाकिटावर 'मान्तेका दे सेर्दो' दिसलं तर ती डुकराची चरबी आहे.

स्वयंपाकघरात वीज २३० व्होल्टचीच असते, पण आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. मिक्सरसाठी ॲडॉप्टर लागेल. प्रत्येक घराला ठरावीक किलोवॉटचा भार करारात असतो. तो ३.४५ असेल तर ओव्हन, गिझर आणि इंडक्शन एकत्र लावताच अंधार. वायरिंग बिघडलेली नसते, एक उपकरण बंद करून मेन स्विच वर करा. नवीन फ्लॅटमध्ये बहुधा गॅस नसतोच. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, खालून लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. घरून कुकर नेण्याऐवजी तिथलाच स्टीलचा घ्या. तिथल्या दुकानातली कोंड्यासकटची कणीक जाडसर असते, पोळी कडक होते. बारीक आटा आणि हिरवी मिरची माद्रिदमध्ये लावापिएसच्या, बार्सिलोनात रावालच्या आशियाई दुकानांत मिळते. माद्रिद सोडलं तर रविवारी बऱ्याच ठिकाणी सुपरमार्केट बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच.

भरीत ज्वाळेशिवाय होतं, थोडा धीर धरावा लागतो. मोठ्या काळ्या वांग्याला सुरीने सात-आठ ठिकाणी टोचा, नाहीतर ते ओव्हनमध्ये फुटतं. २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. शेवटची पाच मिनिटं वरचा ग्रिल लावून साल काळी करा. धुराचा वास कमी पडतोच. त्यासाठी चिमूटभर पिमेंतोन दे ला वेरा घाला, ही ओकच्या धुरावर वाळवलेली मिरचीपूड आहे. रंग लालसर होईल, पण हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे ठेचून घातल्यावर तो मुरतो. कांद्याची पात सेबोयेता नावाने कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते.