लेकाकडे जर्मनीला जायचंय? खान्देशातल्या आईबापांनी कागद असे जुळवावेत

मुलगा जर्मनीत स्थिरावला, सुनेचं बाळंतपण जवळ आलं, की रावेर-यावलच्या घरात बॅगा निघतात. थोडं थांबा, आधी पासपोर्ट काढून बघा. शेंगेन देशांतून (जर्मनीसह युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) परत निघायच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने चालला पाहिजे, मागच्या १० वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मग नाव तपासा. ‘चौधरी’चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, बँकेत दुसरं, आणि सातबाऱ्यावर नुसतं ‘बापू’, असं असेल तर ते सगळ्यात आधी दुरुस्त करून घ्या, कारण वेळ तिथंच जातो.

आता तारखा ठरवा. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत! १ मे ते ३१ जुलै मोजून पाहा, ९२ भरतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. माझं ऐकाल तर तीन महिने हाताशी ठेवा.

शेतकऱ्याची खरी अडचण पैशाच्या कागदांत असते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. खात्यात वर्षभर शुकशुकाट आणि केळी कापली किंवा कापूस विकला की एकदम चार लाख. आपल्याला यात नवल नाही, पण अर्ज तपासणाऱ्याला ते उसने आणलेले पैसे वाटतात. म्हणून जमा रकमेसोबत व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाचा कागद जोडा. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. जमीन आणि उभं पीक हाच तुम्ही परत येणार याचा सगळ्यात बळकट पुरावा आहे, तो लपवू नका. अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून पैसे घेऊन खातं फुगवणं मात्र टाळा. खर्च मुलगा करणार असेल तर त्यानं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढून पाठवावं.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. व्हिसा शुल्क प्रौढांना ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या सेवा केंद्राचे पैसे वेगळे. बोटांचे ठसे द्यायचे असल्यानं दोघांनाही स्वतः त्या केंद्रात जावं लागेल. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत. आठवडाभर आधीपासून रात्री हातांना तेल चोळा, ठसे देताना हात कोरडे ठेवा.

सामानात तूप आणि खवा नको, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. दुबईत विमान बदलणार असाल तर काळ्या मसाल्यात खसखस घालू नका, तिथं तिच्यावर बंदी आहे.

व्हिसा मिळाला तरी आत सोडायचं की नाही, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा गडबडू नका. विमा, परतीचं तिकीट आणि हमीपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्येही ठेवा, कारण उतरेपर्यंत मोबाइल बंद पडलेला असू शकतो.