टूटिंगच्या बाजारपेठेत जेवायला जाताना

दक्षिण लंडनमधील टूटिंग हे उपनगर पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. तेथे ना राजवाडा आहे, ना संग्रहालय. मात्र लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाईनवरील टूटिंग बेक स्थानकापासून टूटिंग ब्रॉडवे स्थानकापर्यंत जाणारा आणि पुढे टूटिंग हाय स्ट्रीट या नावाने दक्षिणेकडे सरकणारा रस्ता खाण्याच्या दृष्टीने लंडनमधील सर्वांत समृद्ध रस्त्यांपैकी एक आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्यांना, तसेच मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या आईवडिलांना, हा रस्ता नीट पाहता यावा म्हणून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

सुरुवात टूटिंग बेकपासून करावी आणि ब्रॉडवेच्या दिशेने चालत यावे. दोन्ही स्थानके १९२६ मध्ये सुरू झाली आणि त्यांच्यामधील अंतर सुमारे एक किलोमीटरच आहे. पहिल्या फेरीत कोठेही बसू नये, असे माझे मत आहे. दारावरचे मेनू वाचावेत, आत कोण जेवत आहे ते पाहावे, आणि सहकुटुंब आलेले लोक काय मागवतात याकडे लक्ष द्यावे. ब्रॉडवेच्या चौकातून एक फाटा मिचम रोडकडे जातो आणि मूळ रस्ता हाय स्ट्रीट म्हणून पुढे जातो. दोन्हीकडे थोडे आत जाऊन पाहिल्याशिवाय या वस्तीचा अंदाज येत नाही.

येथील उपाहारगृहांचा क्रम यदृच्छेने लागलेला नाही. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकलून दिल्यावर पूर्व आफ्रिकेतील गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये आली, आणि मोगो, म्हणजे तळलेला किंवा मसाल्यात परतलेला कसावाचा कंद, लंडनच्या देशी मेनूंमध्ये आला तो त्यांच्यामुळे. श्री कृष्णा हे केरळी उपाहारगृह १९७३ पासून हाय स्ट्रीटवर आहे. श्रीलंकेत जुलै १९८३ मध्ये तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या, यादवी सुरू झाली, आणि त्यानंतर आलेल्या जाफनाच्या तमिळांनी येथे आपल्या खानावळी थाटल्या. लाहोरी आणि पंजाबी पद्धतीची कडाई व तंदूर यांची उपाहारगृहे अप्पर टूटिंग रोडवर, म्हणजे बेक ते ब्रॉडवे या टप्प्यात, आणि ब्रॉडवेच्या आसपास आढळतात. हा इतिहास ठाऊक असला की कोणत्या दारात काय मागवावे, हे ठरवणे सोपे जाते.

त्यासाठी एकच नियम पुरेसा आहे: ज्या मुलखाचे स्वयंपाकघर असेल, त्या मुलखाचे लोक स्वतःसाठी जे मागवतात तेच मागवावे. जवळपास प्रत्येक मेनूवर चिकन टिक्का मसाला आणि बटर चिकन असते, कारण गिऱ्हाईक परत जाऊ नये अशी मालकाची इच्छा असते; परंतु जाफनाच्या खानावळीत बसून बटर चिकन खाणे म्हणजे टूटिंगपर्यंत केलेला प्रवास वाया घालवणे होय. मेनू दहा पानांचा असेल, तर वेटरला सरळ विचारावे की आज ताजे काय केले आहे. शनिवार-रविवारी काही पाकिस्तानी स्वयंपाकघरांत निहारी (मंद आचेवर बराच वेळ शिजवलेला मांसाचा रस्सा) किंवा पाये केलेले असतात, आणि ते मेनूवर छापलेले असतीलच असे नाही.

श्रीलंकन खानावळीत मात्र घाई करू नये, कारण या रस्त्यावरील सर्वांत वेगळे अन्न तेथे मिळते. कोत्तू रोटी मागवली की आतून खणखणाट ऐकू येऊ लागतो. तापलेल्या लोखंडी तव्यावर रोटीचे तुकडे, कांदा, कोबी, हिरवी मिरची, अंडे आणि वर ओतलेला मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा हे सगळे दोन रुंद, बोथट पात्यांनी ठरावीक ठेक्यात कुटले जाते. रोटी रस्सा शोषून घेते, पण तिचा लगदा होऊ द्यायचा नसतो. कडेचे तुकडे किंचित खरपूस राहिले असतील तर कोत्तू उत्तम जमली असे समजावे. ही एक थाळी दोघांना पुरते. तिच्याबरोबर इडिअप्पम अवश्य घ्यावे. कोकणातील शिरवाळ्यांच्या जवळचा हा पदार्थ आहे, फक्त तो नारळाच्या गोड रसाऐवजी सोदी नावाच्या पातळ, पिवळसर नारळी रश्शाबरोबर आणि सांबोल या तिखट चटणीबरोबर खातात. जाफना पद्धतीचा खेकड्याचा रस्सा मिळाला तर सोडू नये, मात्र तो हातानेच खावा लागतो आणि त्यासाठी अंगावर चांगला शर्ट नसलेला बरा.

शाकाहारी मंडळींनी येथे विशेष सावध राहावे. नारळाच्या किंवा कांद्याच्या सांबोलमध्ये बरेचदा मालदीव फिश, म्हणजे सुकवलेल्या ट्यूना माशाचा चुरा असतो, आणि तो दिसण्यावरून ओळखता येत नाही. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘यात सुका मासा आहे का’ असा नेमका प्रश्न विचारावा. शाकाहारी कोत्तू बहुधा त्याच तव्यावर आणि त्याच पात्यांनी केली जाते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी केरळी किंवा तमिळ शाकाहारी उपाहारगृहात डोसा, उत्तप्पा, वडा यांकडे वळावे.

ॲलर्जीबाबत ब्रिटनमधील कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, अंडी, ग्लूटेन असलेली धान्ये यांसह १४ घटकांची माहिती देणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे, म्हणून ती मागताना संकोच करू नये. एक गोष्ट मात्र देशी जेवणात सहज निसटते: बाजारातील पुडीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे डोसा तांदूळ-उडदाचा असला तरी सोबतचे सांबार ग्लूटेनमुक्त असेलच असे नाही. दारावर किंवा खिडकीत शून्य ते पाच असा स्वच्छतेचा दर्जा दाखवणारा हिरवा-काळा फलक पाहावा. इंग्लंडमध्ये तो लावण्याची सक्ती नाही, पण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणाचा दर्जा शोधता येतो, आणि फलक दिसला नाही तर तेवढे कष्ट मी जरूर घेईन.

ब्रॉडवे स्थानकाजवळ टूटिंग मार्केट आणि ब्रॉडवे मार्केट ही दोन छताखालील मार्केटे आहेत. दोन्ही १९३० च्या दशकातील. एका गाळ्यात कापड, दुसऱ्यात भाजी किंवा मासे, तिसऱ्यात कॅरिबियन जेवण, चौथ्यात जपानी नूडल्स असा तेथील कारभार असतो. गाळे सारखे बदलतात, म्हणून नावे देण्यात अर्थ नाही. गटाने जाणाऱ्यांना हे ठिकाण सोयीचे आहे, कारण प्रत्येकाला निराळ्या गाळ्यावरून निराळा पदार्थ आणता येतो. जर्क चिकन, म्हणजे तिखट कॅरिबियन मसाला लावून भाजलेली कोंबडी, घेतल्यास आधी थोडेसे चाखावे: त्यातील स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगीपेक्षा कमी नाही, आणि ऑलस्पाइस या मसाल्याच्या सुगंधामुळे तिचा तिखटपणा उशिरा जाणवतो.

वेळेचा विचारही करावा. शुक्रवार-शनिवारी रात्री आठनंतर प्रसिद्ध ठिकाणी जागेसाठी ताटकळावे लागते. रमजानमध्ये इफ्तारच्या सुमारास कडाईच्या उपाहारगृहांत पाय ठेवायला जागा नसते, परंतु उशिरापर्यंत चालणारी वर्दळ पाहण्यासारखी असते. निवांत बोलत जेवायचे असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जावे. मुस्लिम मालकांच्या अनेक ठिकाणी मद्य मिळत नाही. काही ठिकाणी स्वतःची बाटली आणू देतात, पण ते आधी विचारून घ्यावे. जेथे मद्यविक्रीचा परवाना आहे तेथे साधे पिण्याचे पाणी फुकट देणे कायद्याने आवश्यक आहे, म्हणून नळाचे पाणी मागावे.

बिलात सेवाशुल्क आधीच धरले आहे का, हे पाहून मगच टीप द्यावी. ते बहुधा साडेबारा टक्के असते आणि ऐच्छिक असल्यास नम्रपणे काढायला सांगता येते. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार टीप आणि सेवाशुल्काची रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते, त्यामुळे सेवा चांगली असेल तर मी ते काढत नाही. उरलेले अन्न बांधून मागण्यात येथे कोणाला कमीपणा वाटत नाही.

परतीची काळजी शुक्रवारी आणि शनिवारी कमी असते, कारण त्या रात्री नॉर्दर्न लाईनची चेरिंग क्रॉसमार्गे मॉर्डनपर्यंतची सेवा रात्रभर चालते आणि ती टूटिंगच्या दोन्ही स्थानकांवर थांबते. इतर दिवशी शेवटची गाडी किती वाजता आहे ते जेवण मागवण्यापूर्वीच पाहून ठेवावे.