सीएसआर निधी मागण्याआधी : जिल्हा परिषद शाळेची तयारी

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीसाठी अर्ज लिहायला बसण्याआधी मुलांना वाचायला बसवा. तिसरी ते पाचवीतल्या प्रत्येकाकडून एक छोटा उतारा वाचून घ्या, हातच्याची वजाबाकी करून घ्या. कोण अक्षरांवर अडलंय, कोण जोडाक्षरांवर, कोण सलग वाचतंय, हे नावानिशी एका तक्त्यात टिपून ठेवा. नावं शाळेतच राहू द्या, अर्जात फक्त आकडे जाऊ द्या. माझ्या मते अर्जाचा कणा हाच. ‘स्मार्ट बोर्ड हवा’ या मागणीतून मूल काय शिकणार, ते कुणालाच कळत नाही. ‘चौथीतली इतकी मुलं जोडाक्षरांवर अडतात, त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं आणि रोज तासभर त्यांच्यासोबत बसणारी व्यक्ती हवी’ असं लिहिलंत, तर वर्षाअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेऊन फरक दाखवता येतो.

हा तक्ता घेऊन शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. मागणी शाळा विकास आराखड्यात घाला आणि ठराव करून घ्या. आयांना जरूर बोलतं करा. मूल घरी पुस्तक हातात घेतं की नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

निधी स्वयंसेवी संस्थेमार्फत येणार असेल, तर तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी तपासा. १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे. संस्थेची आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, लेखापरीक्षण अहवाल आणि शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) एकाच फाइलमध्ये लावा.

अंदाजपत्रकावर मात्र घाई नको. वस्तूंची किंमत सगळेच लिहितात. दुरुस्ती, वीजबिल, इंटरनेट, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मानधन राहून जातं, आणि मग संगणक वर्षभरात कपाटात जातात. दरपत्रकं जोडा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचे नियम बहुवर्षीय प्रकल्पाला मुभा देतात, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत. तेव्हा एका वर्षापुरतंच मागू नका, वाचन काही महिन्यांत पक्कं होत नाही. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा ठरवते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा नवा आराखडा ठरण्याआधीच भेट मागा.

मिळणारी वस्तू कुणाच्या मालकीची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. शाळेची असेल, तर आल्या दिवशी डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवा. मुलांचे फोटो अहवालात जाणार असतील, तर पालकांची लेखी संमती आधीच घ्या.

आणि संपूर्ण फाइलची एक प्रत समितीच्या अध्यक्षांकडे ठेवा. मुख्याध्यापकांची बदली प्रकल्पाच्या मध्यावरही होऊ शकते. नव्या मुख्याध्यापकांना पहिल्या चाचणीचा तक्ता पहिल्याच आठवड्यात मिळाला पाहिजे.