ग्रीन बिल्डिंग: मालकाचा होकार पक्का कसा करायचा

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना कळकळीने सांगतो, मालक बैठकीत 'करूया' म्हणाला म्हणजे काम झालं असं धरू नका. गृहा, आयजीबीसी या ग्रीन बिल्डिंगला रेटिंग देणाऱ्या यंत्रणांचे निकष तुम्हाला पाठ असतील, पण मालकाला त्यांच्याशी घेणंदेणं नसतं.

बिल्डर पटकन तयार होतो तो एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर किती बांधायला मिळतं त्यासाठी. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे गृहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर बेसिक एफएसआयवर ३ टक्के जादा मिळतो, त्यावरच्या पायऱ्यांना ५ आणि ७ टक्के. मात्र कबूल केलेलं रेटिंग भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी हातात नसेल तर दंड बसतो, हे त्याच बैठकीत सांगून टाका. काही सीनियर ते लपवायला सांगतात. त्यांचं ऐकू नका.

खरा घात होतो बीओक्यूच्या, म्हणजे कामं आणि माल यांची यादी करण्याच्या वेळी. खर्च कापायला बसलं की पहिली कुऱ्हाड पश्चिमेच्या छज्ज्यांवर पडते आणि दुसरी दुहेरी प्लंबिंगवर, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशला नेणाऱ्या वेगळ्या लाइनवर. पुण्याजवळ वाकडच्या एका साइटवर फ्लशची ही लाइन 'नंतर बघू' म्हणून काढली. स्लॅब पडले, डक्ट ठरले, आता लाइन टाकणार कुठून? एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालू आहे, बागेला पुरून उरलेलं पाणी ड्रेनेजमध्ये जातं आणि गेटवर टँकर उभे असतात. तिथून जाताना अजून जीव तुटतो. म्हणून प्रत्येक गोष्ट ड्रॉइंगवर हवी, टेंडरमध्ये तिचा वेगळा आयटम हवा, आणि ती वगळायची तर खुद्द मालकाची लेखी सही लागेल अशी अट हवी. पीएमसीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटची) नाही, आर्किटेक्टची नाही, मालकाची. प्लंबिंगचा निर्णय तर प्लॅन मंजुरीला जाण्याआधीच झाला पाहिजे.

घाबरू नका, बोलण्यात हुशार असायची गरज नाही. फ्लॅटच्या स्कीममध्ये खर्च बिल्डरचा आणि बचत राहणाऱ्यांची, म्हणून तो कचरतो. शाळा, हॉस्पिटल, कारखाना यांचं लाइटबिल मालक स्वतःच भरतो, तिथे ऐकून घेतात. सुरुवात तिथून करा. आयजीबीसीची परीक्षा जरूर द्या, पण शिकायचं असेल तर एखाद्या जुन्या साइट इंजिनिअरच्या मागे फिरा.

आणि प्रेझेंटेशनच्या आधी मालकाला एप्रिलच्या दुपारी लोक राहत असलेल्या एखाद्या इमारतीत न्या. चायना मोझॅक (ऊन परतवणारे पांढऱ्या टाइलचे तुकडे) केलेल्या गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये बसवा, मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडून टँकरची बिलं दाखवा. तुम्ही मध्ये बोलू नका.