आयटीआयच्या कार्यशाळेत संशोधन सुरू करायचं तर

संशोधन म्हटलं की आपले शिल्पनिदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, म्हणतात, "ते प्राध्यापकांचं काम, आम्हाला पोरांनी बनवलेले जॉब तपासायचेत." मला हे पटत नाही. पोरांच्या हाताशी रोज आपणच उभे असतो. मी जोडारी (फिटर) व्यवसायाला शिकवतो, म्हणून उदाहरण तिथलंच.

व्हर्नियर म्हणजे मुख्य पट्टीवर दुसरी पट्टी सरकवून बारीक माप घ्यायचं साधन. "पोरांना व्हर्नियर येत नाही" ही तक्रार झाली. तिचा प्रश्न करा: नेमकं कुठे चुकतं? स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) जोडून १२.३६ मिमी माप तयार ठेवा. प्रत्येकाने मोजून वाचन चिठ्ठीवर लिहायचं. नाव नाही, गुण नाहीत. व्हर्नियरचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी. व्हर्नियर पट्टीवर ३ च्या पुढची तिसरी रेघ जुळते, म्हणजे ०.३० अधिक ०.०६. ज्याने १२.३३ लिहिलं, त्याने रेघ बरोबर पकडली, पण दोनने गुणलं नाही. ज्याचे पूर्ण मिलिमीटरच चुकले, त्याने बहुधा शून्याची रेघ सोडून सरकत्या भागाच्या कडेवरून मुख्य पट्टी वाचली. दोघांना तोच धडा पुन्हा शिकवून काय उपयोग?

आता शिकवण्यात एकच बदल करा. फळ्यावर मोठी व्हर्नियर पट्टी काढून फक्त बारीक रेघा मोजून घ्या, असं काहीतरी. मग वेगळं माप, पुन्हा चिठ्ठ्या. दोन बदल एकदम केलेत तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. बीएडवाले याला कृतिसंशोधन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेला क्रम हाच: योजना, कृती, पडताळणी, पुन्हा योजना.

एकट्याने केलेलं मात्र वहीतच राहतं. संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी अशा व्यवसायांचे निदेशक तिघे-चौघे महिन्यातून एकदा बसा. स्लाइड नकोत, चिठ्ठ्या आणि जॉब टेबलावर ठेवा. दुसऱ्या व्यवसायाचा माणूस साधे प्रश्न विचारतो, तेच कामाचे असतात.

प्राचार्यांकडे दोन गोष्टी आधीच मागून घ्या. वेळापत्रकात त्या बैठकीसाठी एक तास. आणि इथलं काहीही आपल्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालात जाणार नाही, हा सगळ्यांसमोर दिलेला शब्द. हा शब्द मिळाला नाही तर लोक फक्त यशाच्या गोष्टी आणतील आणि १२.३३ ची चिठ्ठी कुणी टेबलावर ठेवणारच नाही.

शेवटी एक पान लिहा: प्रश्न, बदल, आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्यांची मोजणी. पुढच्या तुकडीच्या निदेशकाला ते पान पहिल्याच आठवड्यात द्या.