खान्देशातील वाइन द्राक्ष: तोडणीची तारीख धरा, मग फळछाटणीला हात घाला

पोळा झाला आणि कपाशी पात्या-फुलांवर आली की वाइन द्राक्ष असलेल्या घरात एकच चर्चा सुरू होते, यंदा फळछाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, केव्हा? नाशिककडचे पाहुणे ऑक्टोबर सांगतात. त्यांच्या हवेला ते बरोबर आहे. आपल्याकडे मात्र तारीख तोडणीकडून उलटी मोजत आणावी लागते. फेब्रुवारी सरता सरता इथे ऊन तापू लागतं आणि ते द्राक्षातला आंबटपणा खातं.

मणी पिकताना साखर चढते, आम्लता उतरते. रात्री थंड असतील तर ही उतरण सावकाश होते. रात्री गरम झाल्या की मॅलिक आम्ल भराभर जळतं आणि रसाचा पीएच वर जातो (पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी). मग साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दाखवतो, शेतकरी खूश होतो आणि वायनरीवाला नाक मुरडतो. त्याला नुसती साखर नको, आम्लही हवं. नाहीतर वाइन सपाट लागते आणि टिकतही नाही. पांढऱ्या जातींना साधारण 20 ते 22 आणि लाल जातींना 22 ते 24 ब्रिक्स लागतो.

आता हिशेब करू. शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या जाती छाटणीपासून साधारण 130 दिवसांत तयार होतात, लाल जातींत शिराझला थोडे जास्त लागतात, कॅबर्ने सॉव्हिन्यो 150 पर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सात-आठ अंशांवर आला की आठवडाभर वाढवून धरा. हा वाढीव आठवडा सोडला तर शेनिन 25 सप्टेंबरला छाटली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हाती येते. कॅबर्ने 20 सप्टेंबरला छाटला तर फेब्रुवारीच्या मध्यास येतो. तोच कॅबर्ने 20 ऑक्टोबरला छाटाल तर तोडणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जाईल आणि तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीकडे निघालेला असेल. म्हणून लाल, उशिरा पिकणारी जात आधी छाटा, पांढरी नंतर. साक्री-पिंपळनेरच्या उंच भागाला थोडी सवलत आहे, तापीकाठाला नाही. तसंही तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत केळीच लावावी. तिथे वेल नुसता पानांवर माजतो.

लवकर छाटणीची किंमत पावसात मोजावी लागते. परतीचा पाऊस आपल्याकडून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातो आणि कोवळी फूट नेमकी त्याच्या तोंडी सापडते. त्यामुळे पहिले 40-45 दिवस डाऊनीचे, म्हणजे केवडा या बुरशीरोगाचे समजा. छाटणी होताच खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि काड्यांवर 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारा, पडलेली पानं-काड्या बागेबाहेर न्या. पुढे फुटीत गर्दी होऊ देऊ नका. सकाळी पानावर तेलकट डाग शोधायचे, पानामागे पांढरी बुरशी दिसायची वाट पाहायची नाही. तळहाताएवढं पान उलटं करून उन्हाकडे धरलं की खरं काय ते कळतं. फवारणीचं औषध राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू शिफारशीतूनच निवडा. दुकानदाराच्या सांगण्यावर एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

छाटणीआधी पंधरा दिवस पाणी तोडून पानगळ करून घ्या आणि प्रत्येक जातीच्या काड्या डोळे तपासणीला पाठवा. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळल्याशिवाय कात्री चालवणं म्हणजे आंधळा कारभार. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटल्यावर दोन दिवसांच्या आत हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावा, प्रमाण लेबलवरचं. हातमोजे हवेतच. आणि हे मजुरांना दोनदा सांगा: पेस्ट लावायच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंब नको. या औषधावर दारू पोटात गेली तर माणूस दवाखान्यात जातो.

खायच्या द्राक्षाची सवय इथे सोडावी लागते. घड जीएत (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) बुडवणं नाही, मणी फुगवणं नाही. एकरी दहा टनांचा हट्टही नाही. माल जास्त ठेवाल तर पिकायला उशीर होतो आणि तोच उशीर आपल्याला मार्चमध्ये ढकलतो. घड आवळ असतील, मणी बारीक राहतील, चालेल.

पानं विरळ करताना फक्त पूर्वेची बाजू मोकळी करा. पश्चिमेकडची पानं राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजून तपकिरी होतात. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडू लागले, की ठिबक कमी करा, पण एकदम बंद करून वेल कोमेजवू नका.

थंडीत भुरी, म्हणजे पानांवर-मण्यांवर पांढरी भुकटी दिसणारी बुरशी, येणारच. गंधक स्वस्त आणि चांगलं, तरी तोडणीच्या महिनाभर आधी बंद करा. गंधकाचा अंश रसात गेला की आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि सगळी टाकी बिघडते.

तोडणीच्या पंधरवड्यात दर तीन दिवसांनी बागेच्या चार कोपऱ्यांतले आणि मधले मणी गोळा करून रस काढा, ब्रिक्स आणि पीएच दोन्ही मोजा, वहीत लिहा. तोड पहाटे सुरू करून उन्हं चढण्याआधी संपवा. क्रेट सावलीत ठेवा आणि गाडी संध्याकाळनंतर सोडा. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटर आहे, जळगावहून अडीचशेच्या आसपास. गरम क्रेटमधला फुटलेला मणी वाटेतच आंबू लागतो. वायनरीशी लेखी करार कात्री लावण्याआधीच करा आणि त्यात ब्रिक्स, पीएच, तोडणीची मुदत आणि माल नाकारला तर भाडं कुणाचं, हे चारही मुद्दे असू द्या.