स्वमग्न मुलासाठी हायस्कूल निवडताना

गावातील जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपली की विदर्भातील बहुतेक पालक तालुक्याच्या हायस्कुलात दाखला नेतात. परंतु मूल स्वमग्न (ऑटिझम असलेले) असेल, तर निकालाच्या टक्केवारीपेक्षा शाळेचा रोजचा दिवस कसा जातो, हे आधी पाहावे.

शाळेला भेट शांत वेळी न देता मधल्या सुट्टीत द्यावी. घंटेचा कर्कशपणा, टिनाच्या छतावर पावसाचा होणारा आवाज आणि दर तासाला बदलणारे शिक्षक यांचा ताण प्राथमिक शाळेत एकाच गुरुजींची सवय झालेल्या मुलाला फार जड जातो. गोंधळ असह्य झाल्यावर त्याला कोठे बसता येईल आणि त्याच्याकडे कोण लक्ष देईल, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे. उत्तरात एखाद्या शिक्षकाचे नाव मिळाले, तर ती शाळा माझ्या मते नामांकित शाळेपेक्षाही अधिक विश्वासाची ठरते.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचाही त्यात उल्लेख असल्याने प्रमाणपत्राचे काम दहावीपर्यंत लांबवू नये. तालुक्यातील शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्लाही जरूर घ्यावा.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी मुलाला एसटीने नेऊन रिकामी शाळा, वर्ग आणि शौचालय दाखवून आणावे.